नदी सरळ करण्याच्या दोन रीती

नवा जिल्हा झाला की आधी कलेक्टर लागतो, मग कलेक्टरला खुर्ची लागते आणि खुर्चीमागच्या भिंतीला नकाशा लागतो. हिंगोलीला पहिल्या दोन गोष्टी तडकाफडकी मिळाल्या. नकाशा मात्र जुना परभणीचाच होता. त्याच्या वरच्या भागाभोवती कुणीतरी लाल स्केचपेननं एक वेडीवाकडी रेघ ओढली होती आणि तोच आपला जिल्हा, असं येणाऱ्याजाणाऱ्याला बोटानं दाखवून सांगावं लागे. वर्षभर ते चाललं. मग वरून विचारणा झाली आणि भाड्याच्या तीन खोल्यांत एक नकाशा कक्ष उघडला गेला.

कक्ष म्हणजे काय, तर दोन कॉम्प्युटर, एक भलामोठा छापायचा यंत्रराज आणि चार माणसं. साहेब तातेराव, ज्यांनी उभी हयात हातानं नकाशे काढण्यात घालवली होती आणि माउसला ते अजूनही विंचवासारखं दोन बोटांत धरत. दगडोबा शिपाई, ज्याला सगळ्या विषयांत मत होतं. सोमेश्वर, वसमतचा, हुशार आणि आपल्या हुशारीची पक्की खात्री असलेला. आणि शिला राठोड, गोरेगावजवळच्या तांड्यावरची, हिरासिंगची धाकटी. बीएस्सी करून औरंगाबादला कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकून आलेली. हिंगोलीत ती मावशीकडे राहायची आणि रविवारी जीपनं तांड्यावर जायची.

काम ऐकायला सोपं होतं. सर्वेक्षणाच्या मोठमोठ्या कागदांवर नदीचं एकूण एक वळण दाखवलेलं असतं. ते सगळं ठिपक्या-ठिपक्यानं कॉम्प्युटरमध्ये भरायचं, ते शिलानं आणि सोमेश्वरनं मिळून भरलं. पण मोठ्या कागदांवरची कयाधू भिंतीवरच्या एका नकाशात बसवायची म्हटली, की तिची सगळी वळणं एकमेकांच्या अंगावर चढत आणि नदीच्या जागी निळ्या शाईचा नुसता लगदा दिसे. म्हणजे काही वळणं ठेवायची आणि काही टाकायची. कुठली ठेवायची आणि कुठली टाकायची, यावरून त्या तीन खोल्यांत जे रण माजलं, तसं जिल्ह्याच्या हद्दीवरूनही माजलं नसेल.

सोमेश्वरची रीत दोऱ्याची. नदीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मनातल्या मनात एक दोरा ताणायचा आणि दोऱ्यापासून सगळ्यात लांब गेलेलं वळण शोधायचं. ते ठेवायचं. मग दोरा त्या वळणाला अडकवून दोन्हीकडे पुन्हा ताणायचा, पुन्हा लांबचं वळण ठेवायचं. असं करत करत जी वळणं दोऱ्याला अगदी चिकटून राहतात, त्यांना रजा द्यायची.

शिलाची रीत त्रिकोणाची. नदीवरचे लागोपाठचे तीन ठिपके घेतले की त्यांचा एक त्रिकोण होतो. असे सगळे त्रिकोण बघायचे आणि जो सगळ्यात लहान, त्याचा मधला ठिपका पुसायचा. मग उरलेल्यांत पुन्हा सगळ्यात लहान शोधायचा. नदी हळूहळू मऊ होत जाते, जशी धुऊन धुऊन जुनी साडी होते.

दोन्ही रीती मोठमोठ्या विद्वानांनी शोधलेल्या होत्या, पण त्यांची नावं दगडोबाच्या जिभेवर बसेनात, म्हणून कक्षात दोऱ्याची नदी आणि त्रिकोणाची नदी अशीच नावं पडली.

"नदी लांब कुठवर गेली, हे महत्त्वाचं," सोमेश्वर म्हणे. "मॅडम, तुमची नदी गुळगुळीत हाये, पण ती खरी जाते त्याच्या अलीकडंच मागं फिरते."

"अन् तुमची करवत हाये, सोमेश्वरभाऊ," शिला म्हणे. "हात लावला तर बोट कापंल."

शेवटी तातेरावांनी दोन्ही नद्या छापून भिंतीवर शेजारी-शेजारी टांगायला लावल्या. मग काय, येईल तो मत देऊन जाऊ लागला. तलाठी आले, जीपचे ड्रायव्हर आले, समोरच्या हॉटेलातला भजी तळणारा हात पुसत आला. बहुतेकांनी त्रिकोणाच्या नदीला कौल दिला. दगडोबानं तर सोमेश्वरच्या नदीकडे बघून मान हलवली. "माझ्या मेहुण्याच्या छातीचा असाच कागद काढला व्हता," तो म्हणाला. "डॉक्टरनं लगेच नांदेडला न्यायला सांगितलं."

तातेराव डोळे किलकिले करून शिलाच्या नदीकडे बघत राहिले. "नदी वाहताना दिसली पाहिजे," ते म्हणाले. "ही वाहते." झालं. त्रिकोण जिंकला. शिला त्या दिवशी मावशीकडे जाताना रस्त्यात स्वतःशीच हसत होती, आणि हसण्याचं कारण निव्वळ त्रिकोण नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

त्याच्या महिनाभर आधी एक तरुण मास्तर कक्षात आला होता. उंच, सावळा, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. तो दारातूनच म्हणाला, "आमचा तांडा तुमच्या नकाशात हाये का?"

कुलदीप पवार त्याचं नाव. हिंगोलीच्या खालच्या अंगाला, कयाधूच्या काठी, त्याच्या आजोबांच्या नावाचा प्रेमदास तांडा होता. कुलदीप तिथल्याच वस्तीशाळेवर शिकवत होता. शिलानं शोधलं, तर तांडा कुठंच नव्हता. शंभरेक घरं, शाळा, सेवालाल महाराजांचं देऊळ, आणि नकाशावर कोरी जागा. शिला स्वतः तांड्यावरची. तिला ते लागलं. तिनं मोठा कागद टेबलावर अंथरला, कुलदीपनं बोट ठेवलं आणि तिनं तिथं ठिपका भरला.

पुढच्या आठवड्यात कुलदीप ठिपका जागेवर आहे का ते बघायला आला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही आला. ठिपका काही उठून परभणीला जाणार नव्हता, पण मास्तर येतच राहिला. दगडोबाला राहवलं नाही. "मास्तर, ठिपक्याला काय रोज पानी घालावं लागतं का?" त्यानं विचारलं. कुलदीप लाजला आणि शिलानं कॉम्प्युटरमध्ये तोंड खुपसलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. कुलदीपच्या आजोबांनी, तांड्याच्या प्रेमदास नायकानं, एका पाहुण्याच्या हाती हिरासिंगकडे शब्द टाकला. राठोड आणि पवार, गोत जुळत होतं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी. हिरासिंगला स्थळ एकदम पसंत पडलं. अडचण एकच होती आणि ती घरातच चुलीपुढं बसलेली होती.

शिलाची याडी, म्हणजे आई, रुख्मिणीबाई. त्यांचा नियम होता, की नदीपल्याड पोरगी द्यायची नाही. तांड्यावर हा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. थोरल्या रीताची दोन चांगली स्थळं त्यापायी गेली आणि शेवटी तिला पुसेगावच्या बाजूला दिलं, जिथं जायला ओढासुद्धा लागत नाही. कारणही सगळ्यांना माहीत होतं. रुख्मिणीबाईंचं माहेर कयाधूच्या पल्याड. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला त्यांचा भाऊ न्यायला आला, तेव्हा नदी दुथडी भरली होती. भाऊ त्या काठाला उभा, बहीण या काठाला. तेव्हा ना वर धरणं झाली होती ना जवळपास पूल. दोघं एकमेकांना हाका मारत राहिले आणि पाण्याच्या आवाजात एक शब्द कुणाला ऐकू आला नाही. दिवस कलला तसा भाऊ पाठ फिरवून गेला. त्याचं लाल पागोटं दिसेनासं होईपर्यंत त्या उभ्या होत्या.

प्रेमदास तांडा नदीच्या अल्याड की पल्याड, हे शिलानं कुलदीपला कधी विचारलं नव्हतं. तिला विचारायचं सुचलं नाही असं नाही. उत्तराची भीती वाटत होती, म्हणून तिनं विचारलं नाही आणि मोठा कागदही पुन्हा नीट पाहिला नाही. मनात मांडे खाणाऱ्यानं तूप आहे का हे विचारू नये, तसंच काहीसं.

आणि मग एका मंगळवारी हिरासिंग मोटरचा कुठलासा भाग घ्यायला हिंगोलीला आले आणि पोरीचं हापिस बघू म्हणून कक्षात शिरले. शिला साहेबांच्या खोलीत होती. दगडोबानं पाहुण्यांना पाणी दिलं, चहा सांगितला आणि भिंतीवरची त्रिकोणाची नदी अभिमानानं दाखवली. "ही तुमच्या लेकीची नदी," तो म्हणाला.

हिरासिंगना वाचता फारसं येत नसे, पण नकाशा त्यांना कळला. "आमचं गोरेगाव कुठं?" दगडोबानं दाखवलं. "अन् प्रेमदास नायकाचा तांडा?" दगडोबानं तेही दाखवलं. हिरासिंगनी निळ्या रेषेवर बोट ठेवलं. गोरेगाव रेषेच्या वर. तांडा रेषेच्या वर. त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं आणि शिला बाहेर आली तर बा नकाशासमोर उभे राहून हसत होते.

"अगं, अल्याडच हाये की!" ते म्हणाले. "सरकारी नकाशा हाये, खोटा थोडाच असंल?"

शिलानं पाहिलं. ठिपका खरंच रेषेच्या वर होता. आनंदानं तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? बा चहा न पिताच जीप पकडायला पळाले. संध्याकाळपर्यंत तांड्यावर बातमी गेली होती, रुख्मिणीबाईंनी मान डोलावली होती आणि लग्न पक्कं करायला गूळ वाटायचा दिवस ठरला होता.

गुरुवारी कुलदीप आला. नवा शर्ट, केसांना तेल, हातात पेढ्यांचा पुडा. त्यानं सगळ्यांना पेढा दिला, दगडोबाला दोन दिले आणि मग सवयीनं आपला ठिपका बघायला भिंतीपाशी गेला. बराच वेळ तो तिथंच उभा राहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "ही कयाधू हाये?"

"व्हय."

"अन् आमी हिच्या ह्या बाजूला?"

"व्हय की."

"मग आमची लेकरं हायस्कूलला जायला पावसाळ्यात नदीतून काहून येऊन राहिली?"

शिलानं कॉम्प्युटरवर मूळची नदी उघडली, सगळ्या ठिपक्यांसकट, आणि ती जागा मोठी करून पाहिली. कयाधू तिथं एकाएकी वर वळत होती, लांबच लांब जाऊन अरुंद वळसा घेत होती आणि जवळजवळ गेली तशीच खाली परत येत होती, केसांत खोवायच्या आकड्यासारखी. त्या आकड्याच्या पोटात प्रेमदास तांडा होता. तिन्ही बाजूंनी पाणी आणि चौथी बाजू पल्याडच्या काठाला जोडलेली.

काय झालं ते शिलाला क्षणात कळलं. आकडा लांब होता, पण अरुंद होता. शेंड्यावरचा त्रिकोण चिंचोळा, म्हणून लहान. तिच्या रीतीनं तो आधी पुसला. मग त्याच्या खालचा, मग त्याच्याही खालचा. शेंड्याकडून खात खात रीत बुडापर्यंत आली आणि आकडाच नाहीसा झाला. नदी खालून सरळ निघून गेली आणि तांडा जागचा न हलता अल्याड आला.

सोमेश्वरनं घाईघाईनं आपली नदी काढली. दोऱ्यापासून लांब गेलेलं वळण त्याच्याकडे सुटणार कसं? तिथं एक उंच काटा होता, करवतीच्या सगळ्यात मोठ्या दातासारखा, आणि ठिपका त्या काट्याच्या पोटात, पल्याड. "म्या काय म्हनलो व्हतो?" तो म्हणाला. त्याचा आनंद पोटात मावेना. "लांब कुठवर गेली, हेच महत्त्वाचं!"

शिला कुलदीपला घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात गेली आणि तिनं त्याला रुख्मिणीबाईंचा नियम सांगितला. बाहेर उन्हात एक जीप कळमनुरीची माणसं भरत होती, तिच्या भोंग्यात तिला दोनदा थांबून बोलावं लागलं.

कुलदीप ऐकत होता. त्याच्या तांड्यासाठीही त्या नकाशावर काही ठरणार होतं. पुढच्या आठवड्यात बैठक होती. पावसाळ्यात जी वस्ती तुटते, तिथं नकाशावर लाल टाचणी टोचायची आणि टाचण्या बघून पुलांची यादी करायची. प्रेमदास तांडा पूल मागून मागून थकला होता. अल्याड दिसणाऱ्या तांड्याला पूल कोण देईल? हे सगळं कुलदीपला कळत होतं. तरी तो खाली बघून म्हणाला, "मग राहू द्या तसंच. इतकी वर्षं बिनपुलाचे काढलेच की आमी. आनखी काढू."

शिलाला आधी हे ऐकून गोड वाटलं. खोटं कशाला बोला, फार गोड वाटलं. माणूस आपल्यासाठी अख्ख्या तांड्याचा पूल सोडायला निघाला आहे, हे रोज ऐकायला मिळत नाही. पण तो गोडवा पेढा विरघळेपर्यंतच टिकला आणि मग तिचं डोकं फिरलं.

"अन् लगीन झाल्यावर पंचमीला मी माहेरी कशी येऊ?" ती म्हणाली. "नकाशातून?"

कुलदीपनं पेढ्यांचा पुडा या हातातून त्या हातात घेतला.

"अन् तुमच्या शाळेतल्या लेकरांना काय सांगू? तुमच्या मास्तरीनबाईला नवरा पाहिजे व्हता, म्हनून पोहा?"

"माझं चुकलं," कुलदीप म्हणाला. मग जरा थांबून, "पन तुमच्या याडीनं न्हाई म्हनलं तर?"

ती आत गेली. त्या दुपारी तिला कामात तोंड खुपसून बसण्याइतकं दुसरं काही सुचत नव्हतं.

तिनं एक साधी गोष्ट केली, जी महिनाभरात कुणालाच सुचली नव्हती. प्रत्येक गावाचा, वाडीचा, तांड्याचा ठिपका घेतला आणि तो मूळ नदीच्या कुठल्या काठाला आहे आणि सरळ केलेल्या नदीच्या कुठल्या काठाला आहे, हे कॉम्प्युटरला तपासायला लावलं. तिच्या त्रिकोणानं प्रेमदास तांड्याखेरीज आणखी दोन वस्त्या इकडच्या तिकडे केल्या होत्या. सोमेश्वर मागं उभा राहून हसत होता. मग तिनं त्याच्या दोऱ्याच्या सगळ्या नद्या तपासल्या. दोऱ्यानं पाच वस्त्या पल्याड नेल्या होत्या. त्यातली एक सिद्धेश्वर धरणाच्या खाली पूर्णा नदीच्या काठावरची, जिथं वळण लांब नव्हतं, दोऱ्याला जवळ होतं, पण रुंद आणि पसरट होतं, आणि त्या पसरट जागेत चांगली तीस घरं होती. सोमेश्वरचं हसू मावळलं.

"माझ्या आत्याचं गाव हाये ते," तो हळूच म्हणाला.

दोघं कॉम्प्युटरसमोर बसून राहिले. नदी कुणाची देखणी, यावर ते महिनाभर भांडले होते आणि काठावर माणसं राहतात हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. शिलाला स्वतःची शरम वाटली आणि शेजारी तेवढ्याच शरमेनं बसलेला सोमेश्वर तिला पहिल्यांदा बरा माणूस वाटला.

मग भांडण मिटलं. दोघांनी मिळून रीतीत एक अट घातली, की त्रिकोण कितीही लहान असो, तो पुसल्यानं एखादी वस्ती काठ बदलणार असेल तर पुसायचा नाही. नवी नदी छापून आली. बाकी सगळीकडे ती मऊ वाहत होती आणि मधेच तीन ठिकाणी एकदम आडमुठी होत होती. प्रेमदास तांड्यापाशी तर तो आकडा असा वर आला होता, की तातेरावांनी चष्मा काढून पुसला.

"हे काय? नदीला गळू झालंय काय?"

"तिथं तांडा हाये, सर," शिला म्हणाली.

"तांडा जरा सरकवता नाही येणार?"

"तांड्याला विचारावं लागंल, सर," सोमेश्वर म्हणाला, आणि हे त्यानं म्हटलं याचं शिलाला फार बरं वाटलं. तातेराव पुटपुटत राहिले, आमच्या काळी आम्ही हातानं असलं झाकून घ्यायचो वगैरे, पण सही त्यांनी केली. बैठकीत त्या आकड्यापाशी लाल टाचणी लागली. टाचणीचा पूल कधी होईल ते सरकारला ठाऊक, पण टाचणी तरी लागली.

बैठकीनंतरच्या रविवारी शिला नव्या नकाशाची गुंडाळी काखेत धरून गोरेगावच्या जीपमध्ये बसली. माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली होती, एकाची कोंबडी तिच्या पायाशी होती आणि रस्ताभर ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. एकही जुळलं नाही. पायवाटेनं तांड्याकडे चालताना तिला एकदा वाटलं, की गुंडाळी नाल्यात फेकावी. पण नाल्यात पाणी नव्हतं.

घरात आनंदीआनंद होता. रीता पुसेगावहून आली होती, गूळ आणून ठेवला होता, रुख्मिणीबाई ठेवणीतला फेटिया घागरा काढून त्याचे आरसे पुसत बसल्या होत्या. घरात ते बंजाऱ्यांची गोरमाटी बोलत, पण आपण मराठीतच ऐकू.

"याडी," शिला दारातच म्हणाली, कारण आत गेली तर धीर सुटेल असं तिला वाटलं, "प्रेमदास तांडा पल्याड हाये."

हिरासिंग उठून उभे राहिले. "काहीबाही बोलू नको. म्या माझ्या डोळ्यानं नकाशा पाहिला."

"नकाशा चुकला व्हता, बा. मीच काढला व्हता अन् चुकला व्हता. हा बराबर हाये." तिनं गुंडाळी जमिनीवर उघडली, चारी कोपऱ्यांवर तांबे आणि वाट्या ठेवल्या आणि आकड्यात बसलेला ठिपका दाखवला.

"तुला कोन म्हनलं व्हतं बराबर करायला?" हिरासिंगचा आवाज चढला. "आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा! पोरगा चांगला, घर चांगलं, गूळ आला, अन् ही बया नदी दुरुस्त करून राहिली! एवढी तकलीफ कोनी सांगितली तुला?"

"बा, पावसाळ्यात कळलंच असतं."

"कळलं असतं तवा कळलं असतं! लगीन तर झालं असतं!"

रुख्मिणीबाईंनी फेटिया बाजूला ठेवला, त्या नकाशापाशी येऊन बसल्या आणि शिलाला म्हणाल्या, "माझं माहेर कुठं हाये यात?"

शिलानं दाखवलं. त्यांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग बोट हळूहळू निळ्या रेषेपर्यंत आणलं आणि तिथं थांबवलं.

"भाऊ पल्याड उभा व्हता, ते तुमाला सांगितलं," त्या म्हणाल्या. "एक न्हाई सांगितलं. माझं लगीन उन्हाळ्यात झालं. नदीत पानी नव्हतं, नुसती वाळू. बैलगाडीतून येताना मी माझ्या बापाला विचारलं, ही वाळू कशाची? तो म्हनला, नाला हाये, लहान. त्याला ठाऊक व्हतं. नदी म्हनला असता तर मी रडले असते, गाडीतून उतरले असते, म्हनून न्हाई सांगितलं. ती नदी हाये हे मला पंचमीला कळलं."

हिरासिंग खाली बसले.

"मला नदीचा राग कधीच न्हाई आला," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "नदी आपली जागच्या जागी व्हती. बापाचा आला. तो मेला तरी गेला न्हाई." मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "अन् ह्यांचा. गाडीत शेजारी हे बी बसले व्हते."

हिरासिंगनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच बोललं जात होतं. "मला वाटलं, तुला ठाऊक असंल," ते म्हणाले, अगदी हळू.

रुख्मिणीबाई शिलाकडे वळल्या. "पावसाळ्यात तिथून येता येत न्हाई?"

"न्हाई येत, याडी. पुलाची टाचनी लागली, पन पूल कधी व्हईल त्याचा भरोसा न्हाई."

"मला हाक मारशील ती ऐकू यायची न्हाई."

"न्हाई."

"हे समदं ठाऊक असून जायचं तुला?"

शिलानं मान डोलावली आणि मग, मान पुरेशी नाही असं वाटून, "व्हय," म्हणाली. म्हणता म्हणता ती रडायला लागली. रीताही रडायला लागली, कारण तिला दुसऱ्याचं रडू कधीच बघवत नसे.

रुख्मिणीबाईंनी लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, पदरानं पुसलं आणि जरा जोरातच पुसलं. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "उद्या प्रेमदास नायकाकडं मानूस धाडा. त्याला म्हना, पोरगी नदीपल्याड देऊन राहिलो. अन् असं बी म्हना, की ठाऊक असून देऊन राहिलो."